निरुपद्रवी रामबाण: झाडपाल्याच्या औषधांची प्रवेशिका

ज्यांनी आजवर एकदाही कुणाला गुळवेलीचा काढा सुचवलेला नाही, अशा वाचकांसाठी ही प्रवेशिका आहे. अशी माणसं महाराष्ट्रात फारशी उरली नसतील, तरी दरवर्षी नवी भरती होतच असते. कुणाच्या रक्ताच्या रिपोर्टात पहिल्यांदाच एखादा आकडा ठळक टाइपात छापून येतो, कुणाला सकाळी फिरायला येणाऱ्यांच्या कट्ट्यावर कायमची जागा मिळते, कुणाच्या घरी लेक बाळंतपणाला येते. या सगळ्यांवर एकदम सल्ले घेण्याची आणि देण्याची वेळ येते, आणि तयारी काहीच नसते. ती इथे करून दिली आहे. पूर्वशिक्षणाची अट नाही. वनस्पतिशास्त्र थोडंफार येत असेल तर मात्र सुरुवातीला जड जाईल.

पहिला धडा: दोन वाक्यं, एक दम

पाठ करायची वाक्यं दोनच. एक, "याने हमखास गुण येतो." दोन, "नाही आला तरी अपाय काही नाही." दोन्ही एका दमात म्हणायची, मध्ये थांबायचं नाही. थांबलं की नवशिक्याला शंका येते. जी मुळी साखर उतरवते, ती कुठवर उतरवायची हे तिला कोण सांगतं? जी रक्त पातळ करते, ती ऑपरेशनच्या आदल्या दिवशी आपण होऊन सुट्टी घेते का? शरीरात काही घडवण्याइतकी ताकद असलेली वस्तू नको ते कधीच घडवत नाही, इतका समजूतदारपणा आपण डॉक्टरांच्या गोळीकडून कधी अपेक्षिला नाही. तिच्या पाकिटातला बारीक अक्षरांचा कागद भिंगाखाली धरून आपण घरभर वाचून दाखवतो. पाल्याबरोबर कागद येत नाही, हा पाल्याचा सर्वांत मोठा गुण.

शंका फारच छळू लागली तर "नैसर्गिक आहे" असं म्हणावं. कोकणातल्या कुठल्याही वाडीचं कुंपण पाहिलं तर निसर्गाचा हात किती सढळ आहे ते कळतं. कण्हेर, धोत्रा, रुई, कळलावी, गुंज. सगळं नैसर्गिक, खतपाण्यावाचून वाढलेलं, त्यातलं बरंचसं देवालाही चालणारं. हनुमंताला रुईची माळ घालतो, शंकराला धोत्र्याचं फूल वाहतो. देवाने अजून तक्रार केलेली नाही. या पाचही वनस्पती आयुर्वेदात औषध म्हणून आहेत, आणि पाचही आपल्या औषध नियमांच्या 'ई-१' या परिशिष्टात, म्हणजे विषारी द्रव्यांच्या यादीतही आहेत. त्यांच्या शेजारी बचनाग, कुचला, बिब्बा, जमालगोटा अशी आणखी मंडळी बसलेली आहेत. यांतलं काही असलेलं पोटात घ्यायचं औषध विकायचं तर वेष्टनावर 'वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे' असा इशारा हिंदीत आणि इंग्रजीत छापावा लागतो. विद्यार्थ्याने डबी उघडताना नेमका तेवढा मजकूर फाटेल अशा बेताने उघडावी.

दुसरा धडा: चरकाचं नाव घ्यावं, चरक वाचू नये

सल्ल्याची सुरुवात "पाच हजार वर्षांपूर्वी आपल्या ऋषीमुनींनी" अशी करावी. ऐकणारा मान डोलवू लागला तर आकडा वाढवायला हरकत नाही. नंतर चरकाचं नाव घ्यावं. मात्र चरकसंहिता घरात असलीच तर काचेच्या कपाटात असावी आणि किल्ली हरवलेली असावी, कारण सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायात घात आहे. तिथे चरक सांगतो की रानात फिरणाऱ्या शेळ्यामेंढ्यांच्या राखणदारांना आणि गुराख्यांना वनस्पतींची नावं आणि रूपं माहीत असतात, पण नुसत्या नावारूपाच्या ओळखीने औषधाचा वापर कळत नाही. पुढे तो न जाणलेल्या औषधाला विष, शस्त्र, अग्नी आणि विजेच्या पंक्तीला बसवतो. आणि मग म्हणतो की नीट योजलं तर जहाल विषसुद्धा उत्तम औषध होतं, आणि वाईट योजलं तर औषधाचंच जहाल विष होतं. ज्याच्या नावाने आपण दुसरं वाक्य म्हणतो, त्याने ते दोनेक हजार वर्षांपूर्वीच खोडून ठेवलंय.

हीच अडचण खऱ्या वैद्यांची. पुण्यात पेठेत माझ्या माहितीचे एक वैद्य होते. पेशंट आत आला की पहिला प्रश्न, "सध्या कुठल्या गोळ्या चालू आहेत? पिशवी आणलीय का?" मग नाडी, जीभ, झोप, भूक, पोट साफ होतं का, कामाच्या वेळा काय. एवढं सगळं विचारून झाल्यावर बऱ्याचदा म्हणायचे, "औषध नको. रात्रीचं जेवण आठाच्या आत, आणि दही महिनाभर बंद." माणूस जिना उतरताना धुमसत असे. दोन बस बदलून आलो आणि साधी पुडीसुद्धा दिली नाही! बिब्ब्याबद्दल विचारलं तर ते विटेच्या चुऱ्यात त्याची शुद्धी कशी करतात, अंगावर उतला तर काय होतं, कुणाला मुळीच द्यायचा नाही, हे सांगत बसायचे. संध्याकाळी त्यांच्याकडे तुरळक पेशंट. पलीकडच्या गल्लीत मूळव्याध, संधिवात आणि केसगळती एकाच पाटीवर असलेल्या केंद्रात मात्र रांग फुटपाथपर्यंत यायची.

विद्यार्थ्याने यातून घ्यायचं ते इतकंच: वैद्यकाच्या या सगळ्या सामानातून वनस्पती तेवढी उचलावी. शोधन, मात्रा, अनुपान, पथ्य, काळ आणि रोग्याची परीक्षा हे जड सामान मागे ठेवून यावं.

तिसरा धडा: मात्रा

पूर्वी मात्रा मोजण्याची एक पद्धत घरोघरी होती आणि तिचा समूळ नायनाट केल्याखेरीज आपल्याला पुढे जाता येणार नाही. म्हणून ती आधी समजून घेऊ.

बाळगुटीचा डबा उघडला की त्यात हळकुंड, वेखंड, मुरडशेंग, हिरडा, बेहडा, सुंठ, जायफळ, मायफळ, अतिविष, काकडशिंगी, ज्येष्ठमध, खारीक, बदाम अशी मंडळी असत. सहाणेवर आईचं दूध किंवा उकळून गार केलेलं पाणी घालून एकेक जिन्नस उगाळायचा, आणि मोजायचं वेढ्यांत. खारीक-बदामाचे वेढे चार जास्त झाले तरी चालतील, वेखंडाचा एखादाच, जायफळ सहाणेला नुसतं लावल्यासारखं करायचं. बाळ महिन्याचं असताना किती, तीन महिन्यांचं झाल्यावर किती, पोट बिघडलं तर कुठली मुळी वगळायची, सर्दी असेल तर कुठली वाढवायची, हे आजीला पाठ असे. आजी शाळेत गेलेली नसेल, पण मिलिग्रॅम म्हणजे काय ते तिला कळत होतं. वेखंडाच्या काही जातींमध्ये बीटा-ॲसारोन नावाचं द्रव्य बरंच असतं आणि अमेरिकेने १९६८ सालीच वेखंड खाद्यपदार्थांत घालायला बंदी केली, हे तिच्या कानावर आलेलं नव्हतं. जायफळ जास्त झालं की मूल गुंगतं, हे मात्र ती कुठल्याही प्रयोगशाळेशिवाय सांगू शकत होती. बालरोगतज्ज्ञ आज गुटीला नाही म्हणतात त्याची कारणं वेगळी आहेत: सहाण आणि पाणी स्वच्छ असेल याची खात्री नाही, आणि पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज बाळाला काही लागत नाही. दोन्ही कारणं बरोबर आहेत. पण वेढा मोजणारी आजी आणि ते डॉक्टर यांचं एका गोष्टीवर एकमत होतं, की किती दिलं ते महत्त्वाचं.

हे एकमत मोडण्यासाठी आपण चमचा आणला. तयार चूर्ण, आणि "सकाळ-संध्याकाळ एक चमचा." चमचा कुठला हे विचारू नये. चहाचा, पोह्यांचा, की प्रोटीन पावडरच्या डब्यातून निघालेला प्लॅस्टिकचा डाव, हे ज्याच्या त्याच्या श्रद्धेवर सोडलं आहे. बरं वाटलं नाही तर दोन चमचे. बरं वाटलं तर गुण येतोय म्हणून दोन चमचे.

हळदीचा पाठ याच धड्यात येतो. १९९५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखमेवर हळद लावण्याचं पेटंट मिळालं. आपल्या सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने, गोव्याच्या माशेलचे डॉ. रघुनाथ माशेलकर तिचे प्रमुख असताना, जुने संदर्भ पुढे ठेवून लढत दिली आणि १९९७ मध्ये ते रद्द करवलं. अभिमान वाटावा अशीच गोष्ट आहे. पण हळद आपली आहे हे सिद्ध झालं म्हणजे हळदीला प्रमाण नाही हेही सिद्ध झालं, असं ज्यांना तेव्हापासून वाटत आलंय, त्यांना या धड्यात पैकीच्या पैकी. भाजीतली चिमूटभर हळद आतड्यातून रक्तात फारशी उतरतच नाही. १९९८ मध्ये बंगळुरूच्या संशोधकांनी दाखवलं की मिऱ्यातलं पायपरीन जोडीला दिलं की हळदीतलं कर्क्युमिन रक्तात जाण्याचं प्रमाण माणसांत २००० टक्क्यांनी वाढतं. झालं! कॅप्सूलवाल्यांनी दोन्ही एकत्र कोंबली आणि डबीवर 'अधिक शोषण' लिहिलं. पायपरीन हे जमवतं कसं? आलेला परका पदार्थ मोडून बाहेर काढण्याचं शरीराचं काम ते मंदावतं. त्याच वेळी पोटात असलेल्या बाकीच्या गोळ्याही मग मोडायच्या राहू शकतात, हे डबीवर लिहायला जागा नव्हती. २०१९ मध्ये इटलीत हळदीच्या कॅप्सुला घेतल्यावर कावीळ झालेल्यांची प्रकरणं एकापाठोपाठ पुढे आली आणि तिथल्या आरोग्य खात्याला इशारा द्यावा लागला. विद्यार्थ्याने म्हणावं, "इटलीवाल्यांना हळद झेपत नाही."

चौथा धडा: वेल ओळखणे

गुळवेल शोधायला रानात जावं लागत नाही. सोसायटीच्या मागच्या भिंतीवर, विजेच्या खांबावर, वाद चालू असलेल्या बंगल्याच्या फाटकावर ती असते. पान बदामी आकाराचं दिसलं की काम झालं. बदामी पानांच्या वेली आपल्याकडे किती जातीच्या आहेत, हे मोजत बसू नये. कडुनिंबावर चढलेली गुळवेल उत्तम, असं जुने लोक म्हणत. त्यासाठी आधी कडुनिंब ओळखावा लागतो, म्हणून ही अट आपण काढून टाकली.

२०२० च्या लॉकडाउनमध्ये या विषयाला सोन्याचे दिवस आले. आयुष मंत्रालयाने तुळस, दालचिनी, सुंठ, मिरी आणि मनुका यांचा काढा दिवसातून एकदोनदा घ्यायला सुचवलं. घरोघरी त्यातलं 'एकदोनदा' गळालं आणि पातेल्यात गुळवेल, अश्वगंधा, ज्येष्ठमध, जे हाताला लागेल ते पडत गेलं. त्याच वर्षी सप्टेंबर ते डिसेंबर या काळात मुंबईतल्या यकृततज्ज्ञांना सहा रुग्ण असे आढळले, की ज्यांचं यकृत बिघडलं होतं आणि सहाही जण गुळवेल घेत होते. २०२१ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. पुढच्या वर्षी देशातल्या १३ केंद्रांमधल्या ४३ रुग्णांचा अभ्यास आला. डॉक्टरांचा तर्क असा, की काहींच्या शरीरात स्वतःच्याच यकृतावर उलटणारी प्रतिकारशक्ती दबून बसलेली असते, आणि गुळवेल तिला चेतवते. म्हणजे 'प्रतिकारशक्ती वाढते' ही जाहिरात खरी धरली, तरी ती कुणाच्या विरुद्ध वाढते हे बघावं लागतं. मंत्रालयाने हे निष्कर्ष दिशाभूल करणारे ठरवले. गुळवेल सुरक्षित आहे. अभ्यासकांनी वनस्पतीची ओळख नीट पटवलेली नाही. तिच्यासारखी दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा नावाची दुसरी वेल पोटात गेली असू शकते, असं मंत्रालयाचं म्हणणं.

इथे विद्यार्थी हमखास घसरतो, म्हणून सावकाश वाचा. यकृततज्ज्ञांचं खरं असेल, तर अस्सल गुळवेलीने काहींना अपाय केला. मंत्रालयाचं खरं असेल, तर माणसं महिनोन्‌महिने भलतीच वेल उकळून पीत होती आणि ते ना पिणाऱ्याला कळलं ना देणाऱ्याला. कुणाचंही खरं धरा, पहिल्या धड्यातलं दुसरं वाक्य आडवं पडतं. म्हणून या वादात मुळीच शिरू नये. "फार्मा लॉबी" एवढंच म्हणावं आणि विषय बदलावा.

वेल चुकल्याने काय होतं त्याचा एक परदेशी दाखला अभ्यासक्रमात आहे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रसेल्समधल्या वजन उतरवण्याच्या एका क्लिनिकमध्ये चिनी वनौषधी दिल्या जात. त्यांतली एक बदलून तिच्याशी मिळत्याजुळत्या चिनी नावाची दुसरी आली, ॲरिस्टोलोकिया जातीची. शंभराच्या आसपास बायकांची मूत्रपिंडं निकामी होत गेली, काहींना पुढे मूत्रमार्गाचा कॅन्सर झाला. हे प्रकरण १९९३ मध्ये 'लॅन्सेट'मधून जगापुढे आलं. आपली सापसंद याच कुळातली. ती नैसर्गिक आहे, हे सांगायला नकोच.

पाचवा धडा: बागेबाहेरचे रस

हा लहान आहे. कारलं, दुधी, गव्हांकुर, कडुनिंब, आवळा, कोरफड. ग्लास मोठा घ्यावा आणि सगळं एकत्र मागावं. दुधी कधीकधी कडू निघतो. तो कडूपणा कुकुरबिटासिनचा, आणि ते विषारी असतं. २०१० मध्ये दिल्लीत सीएसआयआरच्याच एका शास्त्रज्ञाचा असा रस पिऊन मृत्यू झाला. मग आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, तज्ज्ञ समितीने बसून सल्ला दिला: आधी दुधीचा तुकडा चाखा, कडू लागला तर फेकून द्या, रसात दुसरे रस मिसळू नका, आणि पिऊन त्रास झाला तर लगेच इस्पितळ गाठा. कारल्याचा रस मिसळला की दुधी कडू होता की नाही हे ब्रह्मदेवालाही कळणार नाही. म्हणून मिसळावा.

सहावा धडा: पुडी

काढा, रस ही बालवर्गाची औषधं. प्रौढ वर्गात पुडी येते. ती शक्यतो वर्तमानपत्राच्या कागदात असावी, तिच्यावर नाव, घटक, परवाना क्रमांक, बॅच, तारीख यांपैकी काही नसावं, आणि देणाऱ्याने "आत काय आहे ते आमच्या घराण्याबाहेर जात नाही" असं म्हटलेलं असावं. गुडघेदुखीच्या पुडीचा गुण दुसऱ्याच दिवशी येतो. वर्षानुवर्षं काठी टेकत चालणारी आत्या जिने चढू लागते, तिची भूक वाढते, चेहऱ्यावर तजेला येतो, गाल भरतात. सांधेरोगाच्या डॉक्टरांना हे गाल लांबूनच ओळखू येतात. झाडपाला म्हणून विकल्या जाणाऱ्या अशा पुड्यांमध्ये स्टेरॉइड कुटून घातलेलं अनेकदा सापडलं आहे. 'पुरुषांसाठीच्या' कॅप्सुलांमध्ये सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रातलं औषध, परदेशी औषध खात्यांना पुन्हापुन्हा सापडत आलंय. म्हणजे ॲलोपथीच्या नावाने बोटं मोडणारी आत्या दोन वर्षं ॲलोपथीच घेत असते, तीही मात्रा न कळता. पुडी एकदम बंद केली तर शरीर कोलमडतं, आणि मग म्हणायचं, "बघा, पुडी सोडली आणि तब्येत ढासळली."

झाडपाल्यात धातू कुठून येणार, असं विचारणाऱ्यांसाठी बॉस्टनचा दाखला. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासासाठी तिथल्या संशोधकांनी आसपासच्या भारतीय वाणसामानाच्या दुकानांतून ७० आयुर्वेदिक उत्पादनं विकत आणून तपासली. १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक होतं. न्यू जर्सीच्या मुलासाठी बॅगेत चिवडा आणि चकल्यांच्या मध्ये चूर्ण दडवणाऱ्या आईला हे सांगू नये. ती म्हणते, "तिकडे शुद्ध मिळत नाही ना."

जाहिरातींवर विश्वास ठेवावा. १९५४ चा एक कायदा आहे, औषधं आणि जादूई उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींचा. त्याच्या परिशिष्टात ५४ रोग आणि अवस्था आहेत. मधुमेह, रक्तदाब, मूतखडा, लठ्ठपणा, उंची वाढवणं यांवर इलाजाची जाहिरातच करता येत नाही. मुंबईच्या लोकलमध्ये दरवाज्याजवळ उभं राहून पाहिलं तर हे परिशिष्ट डब्यावर क्रमवार चिकटवलेलं आढळेल. २०२४ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयात जाहिरातींवरून चाललेल्या खटल्यामुळे पतंजलीला वर्तमानपत्रांत जाहीर माफी छापावी लागली, तेव्हा ही माफी तुमच्या जाहिरातींएवढ्याच आकाराची आहे का, असं न्यायालयाने विचारलं होतं. लोकलमधल्या स्टिकरवाल्यांना कुणी काही विचारलेलं नाही. त्यांचा मोबाइल नंबर मात्र ठळक असतो.

सातवा धडा: डॉक्टरांपुढे गप्प बसणे

खरं म्हणजे पहिले सहा धडे याच्यासाठी होते. बाकी सगळं चुकलं आणि एवढं साधलं, तरी विद्यार्थी पास.

डॉक्टर विचारतात, "आणखी काही औषधं चालू आहेत का?" उत्तर, "नाही." काढा औषधात धरायचा नाही. चूर्ण तर नाहीच, ते घरचं. बेडकीचा पाला, मेथीदाणे, जांभळाच्या बियांची पूड हे खाणं झालं. डॉक्टर साखरेची गोळी लिहून देतात, खाली येऊन आपण पाल्याचा रस दुप्पट करतो, आणि दुपारी बँकेच्या रांगेत घाम फुटून डोळ्यांपुढे अंधारी आली की ऊन बाधलं म्हणतो. बीपीची गोळी चालू असलेले आजोबा घसा बसतो म्हणून दिवसभर ज्येष्ठमधाची काडी चघळतात. ज्येष्ठमधातलं ग्लिसिरायझिन फार दिवस भरपूर गेलं की शरीरात मीठ-पाणी साठवतं, पोटॅशियम घालवतं आणि बीपी चढवतं. मग डॉक्टर गोळी वाढवतात. आजोबांचा गोळीवरचा विश्वास उडतो आणि काडीवरचा वाढतो. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी भूलतज्ज्ञ मुद्दाम येऊन विचारतात; त्यांना लसणाच्या कॅप्सुला सांगायच्या नाहीत.

गप्प बसण्याची कारणं प्रामाणिक आहेत, आणि इथे मला थोडं गंभीर होऊन डॉक्टरांचीही शिकवणी घ्यावीशी वाटते. सांगितलं की ते चिडतात. "हे असले प्रकार करायचे असतील तर माझ्याकडे येऊ नका" हे वाक्य ज्याने एकदा ऐकलं तो पुन्हा तोंड उघडत नाही; काढा मात्र सोडत नाही. तालुक्याच्या दवाखान्यात पेशंटमागे जेमतेम मिनिटं असतात, तिथे आजीच्या डब्यातली मुळी कुठली हे कोण विचारणार? वैद्य नाडी धरून अर्धा तास बोलतो, गल्लीतला जडीबुटीवाला नाव घेऊन हाक मारतो. माणसं नुसत्या पाल्यासाठी जात नाहीत. आणि पाल्यात दम नसतो असंही नाही. तसं असतं तर अपायाचा प्रश्नच आला नसता. म्हणून तर आयुष मंत्रालयाने स्वतःच आयुर्वेद, सिद्ध, युनानी औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारी यंत्रणा उभारली आहे. तिचं राष्ट्रीय केंद्र दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेत आहे. त्रास झाला तर तिथे कळवता येतं. कळवणाऱ्याला आधी मान्य करावं लागतं की आपण औषध घेत होतो, आणि इथेच आपले बहुतेक विद्यार्थी थांबतात.

शेवटचा धडा: श्रेय

काही आजार आपले आपण बरे होतात. त्यांच्यावरच इलाज करावा. डेंग्यूत प्लेटलेट्स उतरतात आणि ताप गेल्यावर काही दिवसांत आपण होऊन चढतात. पपईच्या पानांचा रस नेमका तेव्हा सुरू करावा. (जिवावर बेततं ते बहुधा रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपल्याने, पण व्हॉट्सॲपवर आकडा प्लेटलेट्सचाच फिरतो.) काविळीसारखा गुणी आजार तर दुसरा नाही. दूषित पाण्याची साधी कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत जाते, म्हणून प्रत्येक तालुक्यात काविळीचं हमखास औषध देणारा एकजण असतो आणि त्याचे वार ठरलेले असतात. तो गळ्यात काड्यांची माळ घालतो. काड्या वाळून गाठी सैल होतात, माळ लांबते, कावीळ उतरली. चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावतो आणि पाणी पिवळं होतं. आंब्याच्या सालीचा रस आधी हाताला चोळलेला असला की धडधाकट माणसाच्या हातानेही ते पिवळं होतं. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते हे गावोगाव करून दाखवत आले. गाव टाळ्या वाजवतं आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा त्याच ओट्यावर जातं. ई प्रकारची कावीळ झालेली गरोदर बाई अशा ओट्यावर बसून राहिली तर तिचा जीव जाऊ शकतो. ती गेली तर "उशिरा आणली" म्हणायचं. बरी झाली तर फोटो लावायचा.

लेखी परीक्षा नाही. प्रात्यक्षिक आहे, ते स्वारगेट-कोल्हापूर एसटीत होतं. शेजारचा प्रवासी खोकला की सुरू करावं. आधी त्याच्या वडिलांचं गाव विचारावं, मग खोकला कोरडा की ओला, मग ज्येष्ठमध सांगावं, दिवसातून हवं तितक्या वेळा. बीपीबद्दल विचारू नये. साताऱ्याला गाडी थांबली, की तो स्वतःच वरच्या खिशातून गोळ्यांची पट्टी काढतो आणि पाण्याची बाटली मागतो.